थारोळ्यावरचा बर्फ
ओल्या गोधडीचा वास आला की लग्नाच्या पहिल्या वर्षीची, नाशिकच्या मळ्यातली ती पहाट आठवते. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, म्हणून सासूबाईंनी सगळ्या गोधड्या गोदेवर धुतल्या आणि त्या वाळायच्या आत थंडी परत उलटून आली. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर काचेसारखा बर्फ! जन्मात पहिल्यांदा पाहिला, मी किंचाळलेच. “नाचती काय? मिरची हिवानं करपंल! बैल जुंपा, इहिरीचं पाणी कोमट हाय!” सासूबाई ओरडल्या. उन्हं येईपर्यंत आम्ही धावत धावत वाफे भिजवले आणि मिरची वाचली. मग मी केळीच्या पानावर जपलेला बर्फाचा तुकडा त्यांनी उचलला, बांधावरच्या पिंडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “महादेवा, थंडी नेताना तुझं एवढं राह्यलं बघ.” आता नात सरबतात बर्फ टाकते, आणि माझे हात आपोआप जुळतात.