कॉमर्सची जुनी इमारत

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या कॉलेजात प्राध्यापकांनाही चौकशीच्या टेबलावर बसवतात. मी इतिहास शिकवते, पण त्या आठवड्यात माझं काम एकच होतं : कोणता विभाग कुठे आहे ते सांगायचं. वाटतं तेवढं सोपं नाही ते. कॉलेज जुनं, आणि जी इमारत ज्यासाठी बांधली ती त्या कामाची राहिलेली नाही. वाचनालयात परीक्षा विभाग, वसतिगृहात वनस्पतिशास्त्र, तिथल्या न्हाणीघरात त्यांची रोपं. दगडी पाट्या मात्र जुन्याच.

मी डबा घरी विसरले म्हणून बाबा आमच्या मोहल्ल्यातून, तात्यापाऱ्याहून, तो घेऊन आले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना अशी कामं आवडतात. तेवढ्यात मला प्राचार्यांनी बोलावलं.

"बाबा, जरा बसा इथं. कोणी आलं तर थांबायला सांगा."

"थांबायले काहून सांगू? मी पाच वर्षं शिकलो इथं."

खरं होतं. तीन वर्षांची पदवी त्यांनी पाच वर्षं मन लावून केली होती.

परत आले तर टेबलासमोर कोणी नाही. बाबा पाय पसरून बसलेले.

"गर्दी कुठं गेली?"

"सगळ्यांले बरोबर रस्त्याले लावून दिलं."

"कॉमर्सवाल्यांना कुठं पाठवलं?"

"कॉमर्सले. चिंचेच्या पलीकडे."

चिंचेपलीकडच्या त्या इमारतीत भूगर्भशास्त्र येऊन कित्येक वर्षं झाली होती. मी तशीच धावले. वाटेत बरेच पालक कुरकुरत परत येताना भेटले, त्यांची माफी मागत पुढे गेले.

भूगर्भशास्त्राच्या व्हरांड्यात गुढियारी वस्तीतली एक मुलगी आणि तिची आई एवढ्याच उरल्या होत्या. विभागाचे सर निवृत्तीला टेकलेले. त्यांच्याकडे आपण होऊन कोणी फिरकत नसे. या दोघी वाट चुकून आल्यात हे त्यांना कळलं होतं, पण त्यांनी आधी दगडांची कपाटं उघडली होती.

मुलीच्या हातात गोल गोल रेघांचा एक दगड होता. "ऐसा पत्थर तो मेरी नानी के गाँव में है," ती म्हणाली. "तालाब के पास."

सर खुर्चीतून उठलेच. तिथे कधीकाळी समुद्र होता आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी या रेघा थरावर थर रचत केल्या, असं ते सांगू लागले.

इथे समुद्र होता यावर आईचा विश्वास बसेना. "इहाँ समुंदर रिहिस?"

"हव," सरांनी तिच्याच बोलीत हो म्हटलं.

मी सांगितलं की कॉमर्स मेन गेटजवळच्या नव्या इमारतीत आहे, चला, सोडते. मुलगी हलली नाही. बारावी तिनं सायन्समधून केली होती. कॉमर्स घ्यायचं ते मामांनी सांगितलं म्हणून. "मैडम, इसमें एडमिशन कैसे होता है?" तिनं मला विचारलं. सर दुसरीकडे बघत उभे होते, जणू त्यांनी काही ऐकलंच नाही.

मी दोघींना दोन दिवस विचार करायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं भूगर्भशास्त्रच घेतलं. मामा काही दिवस बोलले नाहीत. मग बोलू लागले.

बाबांवर मी चिडले होते, पण हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा काही फुलला की रागावता येईना. "पोट्टीले मीच लावलं रस्त्याले," ते तात्यापाऱ्यात सांगत फिरले.

हिवाळ्यात सर वर्गाला घेऊन नानीच्या गावी गेले. बाबा हट्टानं बरोबर गेले, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी. तलावाच्या काठाला तसलाच खडक निघाला. सर गुडघ्यांवर बसून एकेक रेघ बोटानं दाखवत होते, ती मुलगी भराभर फोटो काढत होती. दगड बघायला एवढी माणसं आली हे काही नानीच्या पचनी पडेना. तिला वाटलं, आम्ही खाण काढणार. बाबांनी तिला बाजूला नेऊन हिंदीत समुद्राची सगळी गोष्ट समजावली. त्यात व्हेल मासेही घातले.