जिन्यातली थोटकं

बाईंनी माझी मिश्रीची डबी वर धरली आणि समोर बसलेल्या जोडप्यांना दाखवली.

"बघा. हे असलं तोंडात घेऊन फिरतात, आणि मग म्हणतात मूल टिकत नाही."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मी हातात सतरंजी घेऊन उभी होते.

राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर दर रविवारी सकाळी बाईंचा हा वर्ग भरतो. दिवस जायच्या आधी नवरा-बायकोनं आपली तब्येत कशी तयार करायची, याचा वर्ग. लोक चारचाकीतून येतात. मी उचगावहून बसनं यायची, हॉल झाडायची, सतरंज्या घालायची आणि वर्ग सुरू झाला की दाराशी बसायची. दाराशी बसलेलीला कुणी हटकत नव्हतं. माझी दोन मुलं पोटातच गेली. एक तिसऱ्या महिन्यात, एक चौथ्यात. म्हणून कान देऊन ऐकायची.

त्या दिवशी गोळ्यांचं चाललं होतं. मला राहवलं नाही. विचारलं, "बाई, ही फोलिकची गोळी दिवस जायच्या आधी कवापास्नं घ्यायची?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. माझ्या कमरेला खोचलेली डबी त्यांना दिसली. "ते काय आहे? आण इकडे." मी दिली. स्वतःच्या हातानं दिली, याची अजून चीड येते.

डबी दाखवून झाल्यावर त्यांनी ती दोन बोटांनी टेबलावर ठेवली, रुमालाला हात पुसले आणि म्हणाल्या, "तू ऐकून काय करणार? तुमच्यात कोण तयारी करतं? बीज शुद्ध तर फळ शुद्ध."

तुमच्यात. हा शब्द आमच्याकडं कुणाला फोडून सांगावा लागत नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला, बापानं घर बदललं, पण असल्या तोंडातलं 'तुमच्यात' तिथंच आहे.

माझी आई मिश्री लावायची, सासू लावते. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की आमच्या घरात दिवस उजाडतो. ती वाईट, असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते असं, वीस जोडप्यांसमोर. डबी टेबलावरून उचलून घरी आणली आणि रागानं दोन दिवस जास्तच लावली. बाई बोलल्या म्हणून सोडायची नाही, असं ठरवलं. मूर्खपणाच तो. नुकसान बाईंचं होत नव्हतं, माझंच होत होतं.

तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टर वयानं मोठ्या, बोलायला फटकळ. पण त्यांनी मला आधी बसायला सांगितलं.

"मिश्री सोडायचीच. तंबाखूच हाय ती," त्या म्हणाल्या. "गोळी आजपास्नं चालू कर, दिवस जायची वाट बघू नगंस. रक्त, साखर, थायरॉईड सगळं तपासू. मालक काय करत्यात?"

"फौंड्रीत हाईत. भट्टीवर."

"गुटखा?"

"खात्यात की."

"मग एकटी कशाला आलीस? फुडच्या गुरुवारी त्यास्नी बी घिऊन ये. मूल काय तुझ्या एकटीचं हाय?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. दोन मुलं कशानं गेली ते तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सासू म्हणाली कूस वंगाळ, बाई म्हणाल्या बीज. आणि मी मान खाली घालून ऐकलं. सिस्टरांसमोर मी ढसाढसा रडले. रडून झाल्यावर राग आला.

पुढच्या रविवारी नेहमीसारखी गेले. मधल्या सुट्टीत नवरे मंडळी जिन्यात उतरून सिगारेटी ओढतात. त्यांची थोटकं इतके दिवस मीच झाडत होते, आणि कधी डोक्यात शिरलं नव्हतं. त्या दिवशी ती सुपलीत भरली, सगळे परत येऊन बसेपर्यंत थांबले आणि सुपली बाईंच्या टेबलावर ठेवली. समईच्या शेजारी.

"बाई, ही बी वर धरून दाखवा की. ही माझ्या डबीतली न्हाईत. ह्या पावण्यांच्या खिशातली हाईत."

कुणी हसलं नाही. पुढं बसलेल्या एका पोरीनं वळून नवऱ्याकडं बघितलं. तो मोबाईल बघायला लागला.

"उद्यापासून येऊ नकोस," बाई म्हणाल्या.

"वर्ग रविवारी असतोय. उद्या कशाला येऊ?" म्हटलं, आणि जिना उतरले.

त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला सिस्टरांचा निरोप सांगितला. तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय? बाईमाणसाचं काम हाय ते."

बाईंचं आणि याचं बोलणं एकच होतं, फक्त घर वेगळं. मी त्याच्यासमोर डबी गटारात रिकामी केली.

"गुरुवारी दोघांस्नी बोलावलंय. माझी डबी गेली, आता तुमची पुडी. न्हाई आलासा तर पुढचं मूल न्हाई."

पुडी अजून त्याच्या खिशात आहे. परवा गुरुवार. आला तर दोघांचीही तपासणी होईल. नाही आला तर त्याचं अंथरूण वेगळं. दोन मुलं गेली, दोन्हींचा दोष मी एकटीनं पदरात घेतला. तिसऱ्याचा घेणार नाही.