दार लोटल्यावर

शाळेत करिअरचं मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमचा दिवसभर बोलून घसा बसला होता. शेवटी दहावीतली एक मुलगी आईबरोबर आली. मुलीला काहीही विचारलं, तरी आईच उत्तर देई.

"हिला डॉक्टरच व्हायचंय."

मॅडमनी चाचणीचं निमित्त काढून आईला बाहेर बसवलं आणि दार लोटलं.

"आता सांग बाळा, तुला काय हवंय?"

"झोप," मुलगी म्हणाली आणि रडायलाच लागली. "पहाटे क्लास, मग शाळा, परत क्लास."

मॅडमनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मुलीनं डोकं टेकलं आणि तिला गाढ झोप लागली.

थोड्या वेळानं आई आत डोकावली. "मॅडम, हे काय?"

"डॉक्टर काय, कुणीही व्हायचं तरी आधी झोप लागते हो," मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या.

खुर्चीचा आवाज न करता आई लेकीशेजारी बसली.