मामांची काळी गाडी

जगात गाडी म्हणावी अशी एकच वस्तू आहे आणि ती आपल्या दारात उभी आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या बायकोचे मामा. तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याची जुनी, लांबलचक, काळी विलायती गाडी घेतली आणि आम्हा नातेवाइकांना शिस्त लागली. बसण्यापूर्वी चपला झटकायच्या. दार आपटायचं नाही, "दार मिटायचं असतं जावईबापू, पापणीसारखं." गतिरोधक आला की सगळ्यांनी उतरायचं, गाडी रिकामी पलीकडे जायची आणि आम्ही वऱ्हाडासारखे मागून चालत जायचो. त्यांच्या लेकीने चारही चाकांना जोर असलेली नवी, उंच एसयूव्ही घेतली, तेव्हा मामांनी तिचं नाव 'ट्रॅक्टर' ठेवलं. तुलना म्हणून दोन्ही गाड्यांत चहाचा भरलेला पेला ठेवून खंडाळ्यापर्यंत फेऱ्या झाल्या. ट्रॅक्टरमध्येही थेंब सांडला नाही. "चहा दाट होता," मामांनी निकाल दिला.

गेल्या भातलावणीत, आंदर मावळात एकट्या राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीचा पाय बांधावरून घसरून मोडला. "आक्का माझ्याच गाडीतून दवाखान्यात येणार," मामा म्हणाले. लेक वाद न घालता आपली गाडी घेऊन मागून निघाली. मी मामांशेजारी होतो. डांबरी संपून चिखलाचा चढ लागला.

"मामा, थांबूया का?"

"ही थांबत नसते," ते म्हणाले, आणि गाडी दगडावर पोट टेकून थांबली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. मामांनी उतरून, ओणवं होऊन पाहिलं. लेकीने फक्त आपल्या गाडीचं दार उघडलं. किल्ली तशीच ठेवून मामा तिच्या गाडीत जाऊन बसले; मागोमाग मीही.

ओसरीवर आक्का कण्हत होत्या. शेजाऱ्यांनी पायाला कामट्या बांधल्या होत्या. "येवड्या उंच गाडीत मी कशी चढू रं? तुजी कुटं हाय?"

"खाली अडकलीया," मामांची तळेगावची शुद्ध भाषा गळून पडली. "तू न्हाई चढायचं. मी हाय न्हवं." आणि सत्तरीच्या त्या माणसाने बहिणीला दोन्ही हातांवर उचलून आत निजवलं, तिचा पाय मांडीवर घेतला.

परतताना दिसलं, लावणीवरच्या माणसांनी काळी गाडी मागे ढकलून डांबरीवर आणली होती. लेकीने ब्रेक लावला. "बाबा, आत्याला तुमच्या गाडीत घेऊया? सीट मऊ आहे."

"पाय हलवायचा नाही. चल तू." मग मला म्हणाले, "जावईबापू, ती तुम्ही घेऊन या." काळ्या गाडीच्या स्टिअरिंगला तोवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

आक्का आता काठी टेकत फिरतात. मामा त्यांच्याकडे लेकीच्या गाडीतूनच जातात. परवा मामांकडे गेलो, तर ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये काळ्या गाडीत बसले होते. इंजिन बंद, काचा वर. मी शेजारी बसलो.

"काही ऐकू येतं?"

"नाही."

"बघा," ते हळूच म्हणाले. काचेबाहेर पोरांचं क्रिकेट ऐन रंगात होतं, पण आवाज आत येत नव्हता. उतरताना मी दार पापणीसारखं मिटलं.