कुजबुजणारी बंदूक

चिंचेनं पितळ घासल्याचा वास आला की मला सेनगावाकडच्या मामाची दुनळी बंदूक आठवते. पिकं राखायला परवान्यानं घेतलेल्या त्या बंदुकीची एक नळी छर्‍याची, दुसरी गोळीची. बार निघाला की सिद्धेश्वर धरणातले मासे घाबरून काठावर येऊन बसायचे. एका सकाळी मांजराएवढी, छे, वासराएवढी घूस गोठ्यात शिरली आणि करडू झाकून ठेवलेलं डालगं कुरतडू लागली. मामानं बंदूक उचलताच मामी किंचाळली, "अवो, घूस मारून राहिले का गोठा पाडून राहिले? करडू जाईल ना माझं!" "गप र्‍हाय, बंदुकीला आज कुजबुजायला लावतो," म्हणत मामानं कोनाड्यातली, चिंचेनं घासून लख्ख ठेवलेली, मोठ्या नळीत लहान काडतूस बसवायची पितळेची पुंगळी काढली, गोळीच्या रुंद नळीत मागून सारली आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढं, चिमूटभर दारूचं काडतूस बसवलं. नुसतं 'टिक' झालं. घूस आडवी पडली. शेजारची शेळी रवंथ करीत राहिली. मामी मात्र कानांत बोटं घालून, डोळे मिटून ओरडतच होती, "आता तरी मारा की!" पुढं बंदुका पुष्कळ पाहिल्या, एवढ्या हळू आवाजात एवढं मोठं काम करणारा माणूस मात्र मला अजून भेटायचाय.