सुभेदारीण मावशींचा शेवगा

सुभेदारीण मावशींनी कधी कुणाच्या दाराची बेल वाजवली नाही. फाटकातूनच "हाय का कोन घरात?" अशी हाळी द्यायच्या आणि उत्तर येईपर्यंत शेवग्याच्या शेंगा ओट्यावर ठेवून परत फिरलेल्या असायच्या. कडेगावातल्या आमच्या कॉलनीत त्यांच्या शेंगांची आमटी न खाल्लेलं घर नव्हतं. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले काका वारले, मुलगाही फौजेत गेला. मावशी एकट्याच राहायच्या. दारातल्या शेवग्याला मात्र त्या कधी आपल्या एकटीचा म्हणत नसत.

दोन पावसाळ्यांपूर्वी एका सकाळी मी दूध आणायला निघाले आणि जागीच थिजले. शेवग्याचं खोड हलत होतं! बुंध्यापासून फांद्यांपर्यंत केसाळ सुरवंटांचा थर, घोंगडं गुंडाळावं तसा.

दुपारी शेजारच्या शमीमभाभींची नात झाडाखाली खेळली आणि तिची मान, गाल लालभडक सुजले. सगळी कॉलनी मावशींच्या दारात जमली. कुणी रॉकेल टाकून पेटवा म्हणालं, एकानं तर कुऱ्हाडच आणली.

"ठेव रं ती खाली," मावशी कडाडल्या. "आदी पोरीला डाक्टरकडं न्या. हितलं मी बगते."

काकांचा जुना रेनकोट अंगात, तोंडाला टॉवेल, अशा त्या स्टुलावर चढल्या आणि खराट्यानं सुरवंट साबणाच्या पाण्यात पाडत राहिल्या. आम्ही लांबून बघत होतो. संध्याकाळपर्यंत खोड मोकळं झालं. पोरगीही औषधानं बरी झाली.

मावशींचा डावा डोळा तेवढा लाल राहिला. "कचरा गेलाय," म्हणायच्या. पुढं काळा चष्मा आला. "वय झालं की आता," म्हणून विषय संपवायच्या.

दिवाळीत सुट्टीवर आलेल्या मुलानं त्यांना बळंच सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. सुरवंटांचे केस डोळ्यात रुतून बसले होते. खूप उशीर झाला होता. तो डोळा गेला.

मावशींच्या दारात हे ऐकून शमीमभाभी पायरीवरच बसल्या. मी विचारलं, "मावशी, इतके दिवस बोलला का नाही?"

"अगं, बोलले असते तर तुमी झाड तोडलं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या. मग भाभींकडे बोट दाखवून, "आनि हिला झोप आली नसती."

मुलानं त्यांना आपल्याबरोबर न्यायचं ठरवलं. निघताना गाडीपाशी मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. हात धरला तर त्या केवढ्या दचकल्या! सगळं अंग वळवून त्यांनी मला पाहिलं.

"तू व्हय!" त्या हसल्या. "शेंगा आल्या की पयल्या शमीमकडं दे. ती मागायची न्हाई आता."