आत्याचा नाग

आमची आत्या जन्मात एकच खोटं बोलली. पण ते तिनं असं मन लावून जोपासलं की त्याला हळदीकुंकू लागलं.

नेवाशाच्या पुढे तिचं सासर. मळ्याच्या बांधावर कडुलिंबाखाली एक मोठं वारूळ होतं. आखाडात पाऊस बरा झाला की त्यावर पांढरीशुभ्र अळंबी फुटायची. तिच्या कालवणापुढं मटण फिकं. वास गावभर जायचा आणि वासामागोमाग माणसं यायची. एकदा कुणीतरी घाईघाईत कुदळच घातली. वारूळ ढासळलं आणि पुढं काही पावसाळे तिथं छत्री दिसली नाही. आत्याचा जीव तुटला. पुन्हा अळंबी दिसली तशी तिनं गावात बातमी सोडली, "वारुळात नाग हाय. म्या डोळ्यानं पाह्यला. ह्यो एवढा!" लांबी दाखवायला दोन्ही हात पुरत नसत; उरलेला नाग ती भुवयांनी दाखवायची.

मला मात्र तिनं खरं सांगून टाकलं होतं. "नाग कुठला गं? फार त फार घूस असंल."

दर आखाडात मी नगरहून तिच्याकडे जायची. तोडण्याचे तिचे कायदे कडक. लोखंड लावायचं नाही, हातानं अलगद पीळ देऊन काढायची, खळगा मातीनं बुजवायचा. पूर्ण उघडलेल्या छत्र्यांकडे तर बघायचंसुद्धा नाही. "त्या लेकुरवाळ्या हायेत, त्यांला ऱ्हाऊ दे." मी एखादी हळूच पिशवीत सरकवली की हातावर चापट बसायची. माझी पोरं कॉलेजात गेली तरी ती चापट काही सुटली नाही.

खोटं फारच रुजलं. नागपंचमीला बाया वारुळापाशी दूध-लाह्या घेऊन येऊ लागल्या. आत्या खूष, कुदळीपेक्षा लाह्या बऱ्या. पण भक्ती वाढली आणि गावानं ठरवलं, नागोबाला सिमेंटचा ओटा बांधायचा, वर पत्र्याचं शेड. खडी-वाळू बांधावर येऊन पडली. वारूळ ओट्याखाली गेलं की अळंबी कायमची गेली. नाग नाही म्हणावं, तर कुदळी परत. आत्याला घास गोड लागेना. फोनवर म्हणाली, "लई पंचाईत झाली गं. नाग म्याच सोडला, आता त्यो मलाच चावतोय."

काम सुरू व्हायच्या सकाळी मी मुद्दाम गेले. सगळे जमल्यावर आत्यानं पदर सावरला.

"राती सपनात आल्ता. म्हनला, मला सिमिट नगं, जीव गुदमरतोय. बांधायचं त तिकडं वाटंच्या कडंला बांधा. आन् माझ्या निम्म्या छत्र्या मला ठिवा, निम्म्या समद्यांनी वाटून खा."

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "नाग मराठीत बोलला व्हय?"

"मंग काय विंग्रजीत बोलंल? नेवाशाचा हाय त्यो!"

ओटा वाटेच्या कडेला झाला. तेव्हापासून बाया मिळून तोडायला येतात, घरटी ओंजळभर नेतात, बाकीचं तसंच ठेवतात. "माझं कालवान गेलं की गं वाटनीत!" म्हणून आत्या कुरकुरायची आणि सगळ्यांच्या पुढं चालायची.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. यंदा आखाडात मी तिच्याशिवाय त्या बांधावर गेले. वारूळ पांढरंशुभ्र फुललं होतं. बायांचं तोडून झालं होतं. ताटलीएवढी एक छत्री उघडली होती. आत्याची आठवण म्हणून घरी न्यावी, असं वाटून मी वाकले, तोच मागून तिची धाकटी सून ओरडली.

"वन्सं, हात नगा लावू! नाग हाय आत. सासूबाईंनी डोळ्यानं पाह्यलाय. ह्यो एवढा!"

तिचेही हात पुरले नाहीत. भुवया वर गेल्या.

तिथं नाग नाही, हे आता जगात मला एकटीलाच माहीत आहे. मी मुकाट्यानं हात मागं घेतला.